गडग्यावरची ओपीडी

“माई आहेत का घरात?” असं शैलावहिनींनी गडग्यापलीकडून विचारलं की समजावं, बातमी मोठी आहे. कुणाच्या माडांवर वानर आले, कुणाकडे मुंबईहून पाहुणे उतरले, कुणाचा पंप बसला, असली किरकोळ वार्ता त्या माझ्यावरच भागवतात. मोठी मात्र थेट माझ्या सासूबाईंना. मी मधली टपालवाली.

गडगा म्हणजे आमच्या आणि त्यांच्या आगरांमधली, जांभ्याचे चिरे रचून केलेली कमरेइतकी भिंत. वरचा एक चिरा चांगला सपाट आहे. त्यावर वाटी ठेवता येते, कोपर टेकता येतं आणि वेळ पडली तर निम्मी वाडी तोलता येते. रत्नागिरीत आता बऱ्याच ठिकाणी गडगे पाडून पुरुषभर उंचीच्या सिमेंटच्या भिंती आल्या. तिथल्या बायकांना मग मालिका बघाव्या लागतात. आमच्याकडे अजून थेट प्रक्षेपण आहे.

माई आल्या. मृग तोंडावर आलेला, आमसुलांना शेवटचं ऊन दाखवायची घाई, त्यामुळे दोन्ही हात मनगटापर्यंत लालभडक.

“माई, गुरुजींची सून आज सिव्हिलला होती.”

“बाळाचा डोस असेल.”

“डोस नव्हे हो.” शैलावहिनींनी आवाज खाली आणला. त्यांचा आवाज खाली आला की तो तिसऱ्या घरापर्यंत स्वच्छ जातो. “मी माझी शुगर करायला गेले होते. रक्त देऊन बाहेर येते तर ही बाकावर बसलेली. कुठे? त्या मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर! शेजारी गुरुजींच्या मंडळी, मांडीवर बाळ. मी पाटी दोनदा वाचली. म्हटलं, चष्मा नाही, उगाच कुणावर आळ नको.”

“मग?”

“मग काय?”

“नंबर लवकर लागला का तिचा?”

शैलावहिनींनी बातमी अशी मांडली होती की त्यापुढचं ‘अगो बाई!’ आमच्या बाजूने यायला हवं होतं. ते आलंच नाही. त्यांना क्षणभर वाटलं, माईंना ऐकू कमी आलं.

“मनाचे डॉक्टर म्हणतेय मी, माई. म्हणजे ते… तिकडचं…” त्यांनी हनुवटीने दिशा दाखवली. ती दिशा आमच्या गावात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. महाराष्ट्रात सरकारची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. नागपूरचं 1864 चं, आमचं 1886 चं, ठाण्याचं 1901 चं आणि चौथं येरवड्याचं. त्यामुळे भांडणात मुंबईकर समोरच्याला ठाण्याला पाठवतो, पुणेकर येरवड्याला. (येरवड्यात तुरुंगही आहे, तेव्हा पुणेकराला नेमकं कुठे ते विचारून घ्यावं.) कोकणातला माणूस रत्नागिरीला पाठवतो. आम्ही रत्नागिरीतच राहतो, आम्हाला कुठे पाठवणार? ब्रह्मदेशाचा थिबा राजा कैद होऊन इथे आला तेही 1886 सालच. राजाचा वाडा आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो. इस्पितळावरून रिक्षा जायला लागली की मात्र आंब्याच्या भावाचा विषय काढतो.

“कळलं गो मला कुठले डॉक्टर ते,” माई म्हणाल्या. “बरं झालं, नेलं. तीन महिने बघतेय, पोर वाळत चालली होती.”

तीन महिने आम्ही सगळ्याच बघत होतो. नुसतं बघत नव्हतो, निदानंही करत होतो. गुरुजींची सून पुण्याकडची. बाळंतपण इथेच झालं. पहिल्या पंधरवड्यातलं निदान ‘शेफारलीय’ असं होतं, कारण बारशाला आलेल्या बायकांशी ती धड बोलली नाही. मग ‘मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलीय’. मग ‘तिला आमचं घर आवडत नाही’. मग वाडीतल्या एका जाणत्या बाईंनी आठव्या महिन्यात ती तिन्हीसांजेला पिंपळाखालून गेली होती याचा शोध लावला आणि निदान एकदम ‘बाहेरचं’ इथवर गेलं. लिंबू उतरवून झालं, मीठमोहऱ्या झाल्या. एवढे तज्ज्ञ, एवढ्या तपासण्या, आणि फी कुणाचीच नाही. ज्यांना फी द्यावी लागते किंवा रांग लावावी लागते त्यांच्याकडे जायला मग उशीर होतो, त्यात नवल काय!

तेवढ्यात पाखाडीच्या पायऱ्या चढत आशाताई आल्या. खांद्याला पिशवी, हातात रजिस्टर, डोक्यावर पदर. शैलावहिनींचा चेहरा खुलला. आशाताई म्हणजे चालतीबोलती नोंदवही. बाळ घरी आलं की बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या वारी घरी जाऊन आई आणि बाळ बघायचं, हे त्यांचं कामच.

“या, बसा, सरबत देते. काय हो ताई, गुरुजींकडे काय विशेष?”

“बाळाचं वजन छान वाढतंय.”

“आणि आईचं?”

“तेही वाढेल.”

“नाही, म्हणजे… आज सिव्हिलला दिसली ती.”

“असेल,” आशाताई म्हणाल्या. “तुम्हीही दिसला असाल तिला. तिने मला विचारलं नाही हो तुम्ही कशाला गेला होतात.”

माईंना ठसका लागला. मी पाणी आणायला आत पळाले ते खरं तर हसायला.

परत आले तोवर शैलावहिनींनी दुसरी बाजू लावून धरली होती. एखाद्या बाईचं नाव न घेता, ‘समजा एखादी’ असं म्हणून. समजा एखादी बाळंतीण रडत असली तर त्यात डॉक्टर कशाला? आम्ही नाही का रडलो?

आशाताईंनी सरबत संपवलं आणि एका दमात सांगितलं, “पहिल्या आठवड्यात रडू येतं, बहुतेक जणींना येतं. दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. पण ओसरलं नाही, बाळ झोपलं तरी आईला झोप नाही, खाणं जात नाही, बाळाकडे बघून काहीच वाटत नाही, मी वाईट आई आहे असं सारखं मनात येतं, मग तो आजार. त्याला डॉक्टर. ते आधी रक्त तपासतात, कारण बाळंतपणानंतर थायरॉइडही बिघडतो. अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशाही गोळ्या असतात. आणि बाई स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचं वेडंवाकडं बोलायला लागली तर वार-वेळ बघायची नाही, त्याच दिवशी न्यायचं.”

“गोळ्या!” शैलावहिनींनी कपाळाला हात लावला. “सवय लागते हो त्यांची. जन्माचं मागे लागतं.”

“तुमची शुगरची गोळी कधीपासून चालूय?”

“ती वेगळी.”

“नैराश्याच्या गोळीची तलफ येत नाही. बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायची आणि डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची. आपल्या मनाने एकदम तोडायची नाही, एवढंच.” त्या उठल्या. जाता जाता रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर ठळक आकडे होते, 14416. सरकारची टेलिमानस. 2022 च्या 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झालेली. फुकट, रात्री-अपरात्री केव्हाही, मराठीतून. “नाव सांगितलं नाही तरी बोलतात,” असं म्हणून त्या पाखाडी चढून गेल्या. गुरुजींच्या घराकडे वळल्या की नाही, हे बघायला शैलावहिनी टाचा उंच करून उभ्या होत्या.

इथे माझी एक भर. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयातल्या बाळंतिणींचा अभ्यास केला होता, तो 2002 साली छापून आला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी शंभरातल्या 23 जणींना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं, आणि त्यातून मुलगी झालेली असली की ओझं आणखी जड. गोवा काही परदेश नाही. आमच्याच लाटांचं पाणी तिथे लागतं. मी हे गडग्यावर सांगितलं तेव्हा माईंनी लगेच बोटांवर मोजायला सुरुवात केली, वाडीत त्यांच्या आठवणीत किती बाळंतिणी झाल्या आणि त्यांतल्या कोण कोण. आठवून आठवून त्यांचा चेहरा उतरला. त्या वेळी ‘बाळंतवात’ म्हणायचे, अंधारी खोली, शेगडी, धुरी. एकीला माहेरी पाठवली ती परत आणलीच नाही.

“ते सगळं ठीक आहे हो,” शैलावहिनी म्हणाल्या. “पण लोक काय म्हणतील?”

या वाक्यावर मला नेहमी चमत्कारिक वाटतं. लोक लोक म्हणजे कोण? गुरुजींच्या घरापासून पंचवीस पावलांवर हा गडगा, आणि गडग्यावर आम्ही तिघी. सभा-परिसंवादांत मोठी माणसं ‘समाजाची मानसिकता बदलायला हवी’ म्हणतात तेव्हा समाज कुठेतरी दिल्लीत राहतो असं वाटतं. बंगळूरच्या निम्हान्सने 2015-16 मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. (आपलं राज्य त्यात नव्हतं, म्हणून आपण सुटलो असं मुळीच नाही.) मनाच्या निरनिराळ्या आजारांत शंभरातले 70 ते 92 लोक उपचारांशिवायच राहतात असं त्यात निघालं. डॉक्टर कमी आहेत, लांब आहेत, हे खरंच. पण सिव्हिल आमच्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, 2023 च्या ऑगस्टपासून सरकारने तिथला उपचारही मोफत केला, आणि तरी गुरुजींच्या सुनेला तिथे पोचायला तीन महिने लागले. ते अंतर रस्त्याचं नव्हतं.

“लोकांचं सोड,” माई म्हणाल्या. “तुझ्या बहिणीच्या मुलीला देवरुखचं स्थळ आलं होतं ना? त्याचं काय झालं गो?”

“नकार कळवला आम्ही. मुलगा चांगला होता हो, पण त्याच्या आईला गोळ्या चालू आहेत म्हणे. त्याच, डोक्याच्या. मीच बहिणीला फोन करून सांगितलं, म्हटलं, विषाची परीक्षा कशाला.”

माईंनी हातातलं आमसूल सुपात टाकलं आणि गडग्याच्या सपाट चिऱ्यावर नीट कोपर टेकलं. आता काहीतरी येणार हे मला कळलं. पण काय येणार, ते मलाही ठाऊक नव्हतं.

“शैला, तुझे मामंजी महिन्याच्या महिन्याला कोल्हापूरला जायचे, आठवतं?”

“हो तर. पाठ धरायची त्यांची. तिथे कुणी हाडांचे डॉक्टर होते.”

“हाडांचे!” माई हसल्या. “ऐक. आमचे हे निवृत्त झाले आणि चार-सहा महिन्यांत बसलेच. पेपर उघडायचे आणि तेच पान धरून संध्याकाळ करायचे. दाढी नाही, अंघोळीला दहा वेळा हाका. गणपतीत आरतीला उठले नाहीत तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आधी देव केले. गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. माझा भाऊ म्हणाला, आक्का, डॉक्टरला दाखव. डॉक्टर इथेच, चालत जाण्याजोगे. पण छे! आमच्या वन्संचं… म्हणजे हिच्या नणंदेचं लग्न ठरत होतं. इथे रांगेत कुणी पाहिलं म्हणजे? मग काढलं कोल्हापूर. कोकण रेल्वे व्हायची होती अजून, आणि असती तरी ती कुठे कोल्हापूरला जाते. पहाटेची एसटी, साखरप्याला चहा, आंबा घाटात ह्यांना उलटी. तुझ्या सासूबाईंना सांगून निघाले होते की अंबाबाईला नवस बोललोय.”

“मग?”

“मग दवाखान्यात शिरलो. बाकावर कोण? तुझे मामंजी आणि सासूबाई.”

शैलावहिनींच्या हातातली वाटी चिऱ्यावरून घसरली. ती मी धरली. आत कुळथाचं पीठ होतं.

“मी म्हटलं, तुम्ही इकडे? तुझी सासू म्हणाली, दर्शनाला आलो होतो. मी म्हटलं, आम्हीही. आणि मग चौघं एकाच बाकावर, हातात एकाच रंगाच्या फायली घेऊन! समोर भिंतीवर अंबाबाईचा फोटो होता म्हणून वाचलो. दोघींनी उठून हात जोडले. म्हटलं, खोटं नको व्हायला.”

मी या घरात येऊन इतकी वर्षं झाली, सासऱ्यांना मी पाहिलं ते गप्पिष्ट, शेजाऱ्यांशी पत्ते कुटणारे. त्यांच्या कपाटात ‘शक्तीच्या गोळ्या’ अशी चिठ्ठी लावलेली एक तपकिरी बाटली होती, ती मात्र मला आठवते. पाकिटातून गोळ्या काढून बाटलीत भरायच्या आणि पाकीट चुलीत. आमच्या भागात औषधांची बरीच पाकिटं अशी चुलीत गेलेली आहेत. गंमत म्हणजे त्याच काळात घाटावरची माणसं घाट उतरून रत्नागिरीला येत होती, कारण त्यांना त्यांच्या गावात कुणी बघायला नको होतं. आंबा घाटात दोन एसट्या एकमेकींना वाट देत असतील तेव्हा दोन्हींत तीच मंडळी, तीच थाप.

“परतीच्या गाडीत,” माई पुढे म्हणाल्या, “दोघे पुरुष पुढच्या सीटवर बसले. ह्यांनी सहा महिन्यांत चार वाक्यं बोलली नव्हती. घाट सुरू झाला आणि तुझे मामंजी विचारताहेत, तुम्हाला पण पहाटे तीनला जाग येते का हो? हे म्हणाले, तीनला नाही, साडेतीनला. मामंजी म्हणाले, तुमचं बरं आहे, अर्धा तास जास्त मिळतो. आणि हे हसले! शैला, मी मागच्या सीटवर पदर तोंडात कोंबून रडले गो. मग काय, दर महिन्याला जोडीनेच जायचो. डबा आलटूनपालटून. एकदा तुझी सासू, एकदा मी.”

“आणि गुण आला?”

“लगेच कसला? पहिले दोन-तीन आठवडे काही नाही, मी म्हटलं पैसे पाण्यात. डॉक्टर म्हणाले होते, या गोळ्या सावकाश चढतात, धीर धरा. मग एक दिवस जेवताना म्हणाले, आज आमटीत मीठ कमी आहे. इतक्या महिन्यांनी माणसाने नाव ठेवलं जेवणाला! देवापुढे साखर ठेवली मी. मध्ये एकदा बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानेच गोळी सोडली, ते परत घसरले. मग पुन्हा धरली. तुझ्या मामंजींना वेळ जास्त लागला. पण तेही उठले. तुझ्या मुलीच्या बारशाला कसे नाचले होते!”

शैलावहिनी गप्प झाल्या. ही घटना आमच्या गडग्याच्या इतिहासात विरळा. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असणार, आपल्या घरातलं गुपित पलीकडच्या घराला ठाऊक आणि आपल्यालाच नाही. माई तरी एवढी वर्षं मूग गिळून कशा राहिल्या! पण शैलावहिनींच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालला होता.

“म्हणजे,” त्या एकदम कडाडल्या, “पाठीला काहीच नव्हतं झालं? मी दहा वर्षं नारायण तेल चोळत होते हो रोज संध्याकाळी! एक दिवस खाडा नाही!”

“तेल लावून घ्यायला आवडायचं त्यांना,” माई म्हणाल्या. “डॉक्टरांनाही म्हणाले होते, सून फार माया करते.”

यावर वहिनी पुन्हा गप्प. डोळ्यांना पदर लावला की नाकाला, ते मी बघितलं नाही.

“आणि एक ऐक. तुझ्या मुलीला चिपळूणचं स्थळ आलं ना, तेव्हा ती माणसं चौकशीला आमच्याकडे आली होती. इथेच, या गडग्याशी उभी होती. शेजार कसा आहे, घराण्यात काही आजारबिजार? मी म्हटलं, घर सोन्यासारखं आहे, डोळे झाकून मुलगी घ्या. तुझी मुलगी सुखात आहे ना? मग देवरुखच्या त्या बाईने काय घोडं मारलं होतं?”

असली चौकशी अजून होते. कोकणात पत्रिका जुळते की नाही हे जोशीबुवा बघतात, बाकीचं गडगे बघतात. अशा वेळी एका वाक्याने काय काय मोडू शकतं, हे शैलावहिनींसारख्या अनुभवी बाईला मी काय सांगावं! लोकांना धीर यावा म्हणून मोठमोठी माणसं पुढे येऊन आपलं सांगतात, ते चांगलंच. दीपिका पदुकोणने 2015 साली आपल्या नैराश्याबद्दल उघड सांगितलं तेव्हा इथेही चर्चा झाली होती. शैलावहिनींचा शेरा होता, ‘त्यांचं काय हो, पैसा आहे, आजारही परवडतात.’ पलंगावर पालथं पडून तेल लावून घेणारे मामंजी मात्र त्यांना तसे उडवून लावता येईनात.

थोड्या वेळाने त्यांनी वेगळ्याच सुरात विचारलं, “खर्च किती येत असेल हो याला? खासगीत?”

“आपल्या डॉक्टरांकडे जेवढा येतो त्याहून जरा जास्त. आणि दाखल व्हायची वेळ आली तर विमा आहे ना,” मी म्हटलं. “2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय, अंगाच्या आजाराला जसा विमा तसाच मनाच्या आजाराला द्यायचा. रोग्याची माहिती गुप्त राखायची, त्याला साखळीने बांधायचं नाही, हेही त्यातच आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला आरोपी धरायचं नाही, तो प्रचंड ताणाखाली होता असं समजून त्याची काळजी घ्यायची, असंही.”

“विम्याचं हे खरं?”

“खरं.”

“आमचे हे वीस वर्षं विम्याचं काम करतात. मला कधी बोलले नाहीत!” आता संध्याकाळी त्या घरात काय होणार, त्याची कल्पना येऊन मला भाऊजींची कीव आली.

मग मी त्यांना झिंबाब्वेच्या आज्यांची गोष्ट सांगितली. हरारे शहरात डॉ. डिक्सन चिबांडा नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. डॉक्टर पुरेसे नाहीत म्हणून त्यांनी 2006 च्या सुमाराला वस्तीतल्या आज्यांना शिकवून तयार केलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. मन जड झालेल्या माणसाने बाकावर यायचं, आजीशी बोलायचं. आजीने उपदेश न करता ऐकायचं, अडचणींतली एक धरून तिच्यावर काय करता येईल ते त्यालाच सुचू द्यायचं, आणि प्रकरण हाताबाहेरचं दिसलं तर पुढे डॉक्टरकडे धाडायचं. 2016 साली त्याची रीतसर चाचणी छापून आली, लोकांना गुण आलेला दिसला. गोव्यातही ‘संगत’ संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून असंच काम केलंय.

“म्हणजे आपण करतो तेच की,” शैलावहिनी म्हणाल्या.

“नाही गो,” माई म्हणाल्या. “त्या ऐकतात. आणि ऐकलेलं बाकावरच ठेवतात.”

हा टोला वहिनींनी पचवला. गडग्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या माणसांत तेवढी ताकद असते. मला मात्र तेव्हापासून एक कोडं पडलंय. झाकून ठेवल्याने आजार चिघळतो हे खरं, पण म्हणून दुसऱ्याचं झाकण आपण उघडायचं का? माईंनी मामंजींचं उघडलं ते ते गेल्यावर, आणि त्यांच्याच सुनेपाशी. गुरुजींच्या सुनेचं तिने उघडलेलं नाही. सिव्हिलच्या बाकाबद्दल बोलावं, बाकावर कोण होतं त्याबद्दल नाही, असं काहीसं मला म्हणायचंय. पण नुसत्या बाकाबद्दल बोलून गप्पा रंगत नाहीत, हीही अडचण आहेच.

“पुढच्या खेपेला बाळाला बरोबर नेऊ नका म्हणावं,” माई म्हणत होत्या. “सिव्हिलमध्ये शंभर दुखणी. गुरुजींच्या बायकोचे गुडघेही धड नाहीत. बाळ मी बघेन.”

“तुम्हाला उचलवेल का? मीच बघीन,” शैलावहिनी म्हणाल्या. मग थबकल्या. “पण मला ठाऊकच नाही असं दाखवायचं ना? मग बाळ कसं मागू?”

“तुझी शुगर आहे ना? सांग, मलाही सिव्हिलला जायचंय, एकच रिक्षा करू. मंडळी घरी राहतील, त्यांच्या सोबतीला मी जाऊन बसेन. आणि तू तिच्याबरोबर जा, पण प्रश्न विचारू नकोस. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. नाहीतर सांग तिला तुझ्या मामंजींचं.”

“नारायण तेलाचं सुद्धा?”

“ते आधी सांग.”

ऊन कलायला लागलं होतं. मी आमसुलं गोळा करायला घेतली. शैलावहिनींनी कुळथाच्या पिठाची वाटी एकदाची माईंच्या हातात दिली. जायला निघाल्या आणि चार पावलं जाऊन परत आल्या.

“माई, तो डॉक्टर तरुण आहे हो. दार उघडलं तेव्हा पाहिला मी. गोरा, चष्मा, बोलणं एकदम शांत.”

“बरं मग?”

“नाही, तिथल्या सिस्टरला सहज विचारलं. एमडी आहे. सरकारी नोकरी. लग्न व्हायचंय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माईंकडे. “देवरुखचं गेलं ते गेलंच. बहिणीला फोन करावा म्हणतेय.”

“कर की. पण शैला,” माईंनी अगदी वहिनींचाच सूर लावला, “लोक विचारतील, जावई काय करतो?”

“डॉक्टर आहे म्हणून सांगायचं,” शैलावहिनी म्हणाल्या. “कसला, ते बारशाला सांगू.”